‘धर्मात्मा’ आणि त्याचे प्रेक्षक

धर्मपुरुषाच्या चरित्रावरील चित्रपट पाहून घरीं परतलेला मनुष्य क्वचितच नुसत्या चित्रपटाविषयीं बोलतो. तो आपल्या देवाविषयीं बोलत असतो, आपल्या घरच्या चालीरीतींविषयीं बोलत असतो, आणि पुष्कळदां, स्वत:च्या नकळत, आपल्या जातीविषयीं बोलत असतो. फ्रान्समध्यें १९२८ सालीं ड्रायरनें जोन ऑफ आर्कची कथा पडद्यावर आणली तेव्हां पॅरिसच्या आर्चबिशपांच्या आग्रहावरून तिला कात्री लागली. त्याच्या आदल्याच वर्षीं अमेरिकेंत डी मिलच्या येशूचरित्रावर यहुदी समाजानें हरकत घेतली होती. दोन्ही प्रसंगीं वाद कलेचा नव्हता. हा महापुरुष कोणाचा, आणि त्याच्या छळाचा दोष कोणाच्या माथीं, हा तो वाद होता.

मराठींत याचें सर्वांत बोलकें उदाहरण शोधावयाचें तर तें ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ या १९३५ सालच्या बोलपटाचें होय, असें आमचें मत आहे. ‘संत तुकाराम’ची कीर्ति त्याहून किती तरी मोठी. तो मुंबईंत एकाच चित्रगृहांत वर्षभराहून अधिक चालला, १९३७ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत गौरविला गेला. विष्णुपंत पागनिसांस लोक प्रत्यक्ष तुकोबाच मानूं लागले, आणि शांताराम आठवल्यांनीं त्या चित्रासाठीं रचलेल्या बीजाच्या अंकुरण्यावरील गीतास तुकोबांचाच अभंग समजून कित्येकांनीं तें गाथेंत धुंडाळलें. प्रेक्षकांच्या श्रद्धेचा हा केवढा विजय! परंतु जेथें सर्वच माना डोलावतात तेथें टीकाकारास फारसें काम उरत नाहीं. ‘धर्मात्मा’ पाहून सर्वांच्या माना डोलल्या नाहींत, आणि ज्यांच्या डोलल्या नाहींत त्यांचीं कारणें एकमेकांहून इतकीं भिन्न होतीं कीं त्यांचा मागोवा घेतल्यास त्या काळच्या महाराष्ट्राचें अंतरंगच हातीं लागतें.

आम्हां मराठवाड्यांतील लोकांना तर हा विषय परका नाहींच. नाथ पैठणचे. त्यांचें गुरुस्थान देवगिरी. त्यांचे समकालीन दासोपंत आमच्या परळीच्या अगदीं शेजारीं अंबाजोगाईस विसावलेले. वैजनाथाच्या पायऱ्यांवर बसून फाल्गुनांत नाथषष्ठीस निघण्याच्या गोष्टी बोलणारे म्हातारे आम्हीं लहानपणापासून पाहिले आहेत. ज्या गोदेच्या तापल्या वाळूंतून नाथांनीं महाराचें रडणारें पोर कडेवर उचलून आणलें असें आपण ऐकत आलों, ती वाळू आतां पैठणच्या धरणाच्या पायथ्याशीं आहे आणि धरणाच्या जलाशयास नांवही ‘नाथसागर’ असेंच मिळालें आहे. अशा प्रदेशांत नाथांविषयीं तटस्थपणें बोलणें कठीण; तरी प्रयत्न करावयास हरकत नसावी.

प्रथम चित्रपटाची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. कोल्हापुरांत १९२९ सालीं निघालेली ‘प्रभात’ मंडळी १९३३ त पुण्यास आली. ‘धर्मात्मा’चें दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचें, लेखन के. नारायण काळे यांचें, संगीत मास्तर कृष्णराव यांचें. आणि एकनाथांच्या भूमिकेंत साक्षात् बालगंधर्व. चित्र मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालें. त्याचें मूळ नांव ‘महात्मा’. नियंत्रक मंडळानें त्या नांवास आक्षेप घेतल्यामुळें ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला.

म्हणजे या चित्रपटाचा पहिला प्रेक्षक सरकार. सरकारी प्रेक्षकास रसिकता नसते असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, पण येथें त्याची दृष्टि चांगलीच तीक्ष्ण होती हें कबूल केलें पाहिजे. १९२१ सालीं ‘भक्त विदुर’ या मूकपटांतील विदुराच्या रूपांत आणि टोपींत गांधीजी दिसतात म्हणून कराचीस व मद्रासेस त्यावर बंदी आली होती. त्या गोष्टीस चौदा वर्षें लोटलीं, आणि पुन: एक पुराणपुरुष पडद्यावर येऊन राजकारण बोलूं लागला. गांधीजींचा अस्पृश्यतानिवारणाचा देशभरचा दौरा १९३३ च्या नोव्हेंबरांत निघून १९३४ च्या उन्हाळ्यापर्यंत चालला होता. त्यांतच २५ जून १९३४ रोजीं पुण्यास त्यांच्यासाठीं म्हणून बाँब फेंकला गेला. त्याच पुण्यांतील कंपनीनें पुढल्या वर्षीं अस्पृश्यांस जवळ करणाऱ्या एका ब्राह्मण संताचें चित्र काढावें आणि त्याला ‘महात्मा’ म्हणावें, यांत योगायोग मानणारा मनुष्य फार भाबडा असला पाहिजे. नियंत्रकांनीं जें ओळखलें तें खरेंच होतें. त्यांनीं केलेला उपाय मात्र हास्यास्पद. पाटी पुसली म्हणून दुकानांतला माल बदलत नाहीं.

दुसरा प्रेक्षक गंधर्वभक्त. त्याचें दु:ख निराळें. ज्यांनीं भामिनी, रुक्मिणी, सिंधु डोळ्यांत साठविल्या होत्या, त्यांना दाढीमिशांचा नव्हे पण धोतर-उपरण्याचा बालगंधर्व पाहावा लागला. आवाज तोच, लडिवाळपणा तोच, पण शालू नाहीं! त्यांस तें पुरुषरूप रुचलें नाहीं हें त्या काळाविषयीं लिहिणाऱ्या बहुतेकांनीं सांगितलेलें आहे, आणि ‘प्रभात’शीं बालगंधर्वांचा संबंध या एकाच चित्रापुरता राहिला. १९३७ सालीं ते पुन: पडद्यावर आले ते ‘साध्वी मीराबाई’ होऊन, म्हणजे स्त्रीरूपांतच. या प्रेक्षकास हिणविण्याचें आमच्या मनांत नाहीं. तो निदान प्रामाणिक होता. त्याला नाथांचें कांहीं सोयरसुतक नव्हतें आणि तसें त्यानें सोंगही आणलें नाहीं. पण महाराष्ट्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नानें पेट घेतला असतां चांगल्या शिकलेल्या घरांतून या चित्राविषयीं चर्चा झाली ती नायकाच्या पोशाखाची, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

कारण प्रश्न खरोखरच पेटलेला होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० च्या मार्चांत सुरू झाला आणि वर्षानुवर्षें चालूनही मंदिराचे दरवाजे उघडले नाहींत. १९३२ च्या सप्टेंबरांत पुणें-करार झाला. आणि ‘धर्मात्मा’ ज्या वर्षींचा, त्याच वर्षीं, १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं ही घोषणा केली. एकीकडे पडद्यावर ब्राह्मण संत अंत्यजाच्या घरीं जेवीत आहे. दुसरीकडे अंत्यजांचा पुढारी सांगतो आहे कीं तुमच्या पंक्तीची आम्हांस आतां वाटही पाहावयाची नाहीं.

या चित्राचा तिसरा आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा परीक्षक तोच पुढारी होय. ही गोष्ट चित्रपटाचा इतिहास लिहिणारांच्या आणि आंबेडकरांचे ग्रंथ वाचणारांच्याही ध्यानांतून बहुधा निसटते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठीं लिहिलेलें आणि मंडळानें माघार घेतल्यामुळें न झालेलें भाषण आंबेडकरांनीं १९३६ सालीं स्वत:च छापून काढलें. गांधीजींनीं जुलै महिन्यांत ‘हरिजन’ पत्रांत त्यावर लिहितांना चैतन्य, ज्ञानदेव, तुकाराम यांच्यासारख्यांनीं जो धर्म सांगितला तो आंबेडकर म्हणतात तितका निर्गुण असूं शकेल काय, अशा आशयाचा प्रश्न केला. पुढल्या वर्षीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींत आंबेडकरांनीं त्याला उत्तर जोडलें. आणि त्या उत्तरांत, संतांचा विचार चालला असतां, एकाएकीं ‘धर्मात्मा’चें नांव येतें.

त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा. संतांनीं जातिसंस्थेवर हल्ला केला नाहीं. देवापुढें सगळे समान असें त्यांनीं सांगितलें. माणसापुढें माणूस समान असें नव्हे, आणि पहिलें वाक्य उच्चारण्यास कोणतेंच धैर्य लागत नाहीं. राहतां राहिले एकनाथ, ज्यांना अंत्यजांस शिवल्याबद्दल व त्यांच्यांत जेवल्याबद्दल या चित्रपटानें नायक करून सोडलें आहे. तर त्यांनीं तसें केलें तें अस्पृश्यता अमान्य होती म्हणून नव्हे, तर लागलेला विटाळ गंगास्नानानें धुऊन जातो अशी त्यांची समजूत होती म्हणून. आणि याला पुरावा काय? आंबेडकर तळटीप देतात: एकनाथी भागवत, अध्याय २८, ओवी १९१.

एका बोलपटाच्या बाबतींत ग्रंथाची ओवी काढून दाखविणारा हा बहुधा एकटाच परीक्षक. बाकीच्यांनीं चित्राला विचारलें, “तूं सुंदर आहेस काय? तूं धर्माला धरून आहेस काय? तूं सरकारला अपायकारक आहेस काय?” यानें विचारलें, “तूं खरें बोलतोस काय?” ज्याच्या नांवानें सगळा सोहळा चालला होता त्याच समाजाचा माणूस हा प्रश्न विचारीत होता, आणि तो विचारण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणास होता?

अधिकार मान्य, निर्णयही मान्य करावा काय? येथें थोडें थांबलें पाहिजे.

आंबेडकरांच्या बाजूनें पहिली गोष्ट ही कीं ओवी नाथांच्या स्वत:च्या हातची आहे, आणि कृत्यांच्या कथा दुसऱ्यांच्या. महाराचें पोर, श्राद्धाचें अन्न, राणू महाराच्या घरचें जेवण हीं सर्व ज्या रूपानें आपण ऐकतों तें रूप मुख्यत: महिपतींनीं दिलेलें. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा, ‘भक्तलीलामृत’ १७७४ चें. नाथांनीं जलसमाधि घेतली १५९९ त. मध्यें पावणेदोनशें वर्षें गेलीं. न्यायालयांत उभें राहिल्यास ग्रंथकर्त्याची स्वाक्षरी आणि दोन शतकांनंतरची ऐकीव गोष्ट यांत न्यायाधीश कशास मान देईल हें सांगावयास नको.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. भागवताच्या एकादश स्कंधाचा अठ्ठाविसावा अध्याय म्हणजे निव्वळ अद्वैत. दुसऱ्याच्या स्वभावाची व कर्माची स्तुति करूं नये, निंदाही करूं नये, कारण विश्व एकात्म आहे, येथूनच त्याचा आरंभ. अशा अध्यायावर टीका लिहितांनाही अंत्यजाचा विटाळ आणि त्याची शुद्धि हे शब्द नाथांच्या लेखणींतून सहज उतरतात. यावरून नाथ निष्ठुर होते असें सिद्ध होत नाहीं. परंतु अद्वैताच्या शिखरावर उभ्या असलेल्या मनुष्यालाही खालच्या गल्लींतला सोंवळ्याचा दोर दिसतो तसाच राहूं देतां येतो, एवढें खास सिद्ध होतें. आमच्या प्राध्यापक मंडळींना वेदान्त आणि समता हे दोन शब्द एका दमांत उच्चारण्याची फार आवड. त्यांनीं ही ओवी एकदां तरी वाचावी.

तिसरी गोष्ट परंपरागत कथांच्या रचनेंतच आहे. श्राद्धाचें अन्न अंत्यजांस दिल्यावर ब्राह्मण जेवावयास येत नाहींत. मग प्रत्यक्ष पितर खालीं उतरून पात्रांवर बसतात. नाथांस प्रायश्चित्त घ्यावें लागतें. तेव्हां त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठी ब्राह्मण येतो आणि अंत्यजाच्या उपकाराचें नाथांचें पुण्य मागून घेऊन रोगमुक्त होतो. राणूच्या घरीं जेवल्याचा बोभाटा होतो. तर कथा सांगते कीं तेथें जेवले ते नाथांचें रूप घेतलेले देव, नाथ त्याच वेळीं आपल्या घरीं होते. या कथांत दया आहे, आणि ती खरी आहे. पण प्रत्येक कथेच्या शेवटीं जो चमत्कार घडतो तो कोणाची खात्री पटविण्यासाठीं? ज्यांनीं बहिष्कार घातला त्यांची. शेवटीं व्याधिमुक्त कोण होतो? ब्राह्मण. वाळूंतून उचललेल्या पोराचें पुढें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं.

आतां नाथांच्या बाजूनें. एका ओवीवर मनुष्याचें सारें अंत:करण तोलणें हें वकिलाचें काम झालें, आणि आंबेडकर त्या प्रसंगीं वकिलीच करीत होते. ज्यांच्या वतीनें करीत होते त्यांना दुसरा वकील नव्हता. पण समीक्षकास साऱ्या ग्रंथसंभाराकडे पाहावें लागतें. नाथांचीं जोहाराचीं भारुडें घ्या. त्यांत महार बोलतो, स्वत:च्या बोलींत बोलतो, गांवच्या पाटील-कुळकर्ण्यांस हिशेब विचारतो. एका प्रसिद्ध भारुडांत तर ब्राह्मण आणि महार यांचा समोरासमोर संवाद आहे, आणि तो वाचल्यावर गुरु कोण आणि शिष्य कोण याविषयीं संशय राहत नाहीं. सोळाव्या शतकांत पैठणसारख्या धर्मपीठांत बसून एका ब्राह्मणानें महाराच्या तोंडीं ‘मी’ हा शब्द घालावा आणि स्वत: त्या ‘मी’च्या आड उभें राहावें, ही गोष्ट गंगास्नानानें धुऊन काढतां येत नाहीं. ती महिपतींची ऐकीव नव्हे. नाथांच्या नांवानें चालत आलेल्या वाङ्मयांतच ती सांपडते.

मात्र हें भारूड वर्गांत शिकवितांना एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “सर, महाराचें सोंग ब्राह्मणानें घेतलें तर त्याला भारूड म्हणतात. ब्राह्मणाचें सोंग महारानें घेतलें असतें तर?” वर्गांत हंशा पिकला. विचारणारा हंसत नव्हता. या प्रदेशानें विद्यापीठाला आंबेडकरांचें नांव देण्यासाठीं १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षें घालविलीं आणि त्या वर्षांत घरें जळलेलीं पाहिलीं. येथल्या वर्गांत असा प्रश्न नुसता बुद्धीचा खेळ म्हणून विचारला जात नाहीं. आमचें उत्तर असें होतें आणि आहे कीं चोखामेळ्यानें सोंग न घेतां जें सांगितलें तें नाथांच्या भारुडाहून अधिक मोलाचें; पण त्यामुळें भारूड खोटें ठरत नाहीं.

तर मग दोष कोणाचा? आमच्या मतें नाथांचा कमी, चित्रपटाचा अधिक. आणि तोही आंबेडकरांनीं दाखविला त्याहून निराळा. नाथ होते त्याहून धीट दाखविले, हा अपराध क्षम्य आहे. प्रत्येक पिढी आपापले संत थोडे उंच करूनच पाहते. क्षम्य नाहीं तो ‘महंत’. कथेंत एक दुष्ट, मत्सरी, दांभिक महंत उभा करावयाचा, सारा सनातनीपणा त्याच्या डोक्यावर लादावयाचा, आणि त्याची फजिती झाली कीं प्रेक्षकांनीं टाळ्या पिटावयाच्या. पुढल्या वर्षीं ‘संत तुकाराम’मध्यें हेंच काम सालोमालोनें केलें. वर वर पाहतां ही ब्राह्मणांवर टीका. आणि कित्येक सनातनी मंडळींस ती तशी झोंबलीही असेल. वस्तुत: यासारखी सोय दुसरी नाहीं. खुर्चीवर बसलेला सुशिक्षित गृहस्थ महंताचा द्वेष करतो, नाथांबरोबर अंत्यजाच्या पानावर मनानें बसतो, आणि मध्यरात्रीं घरीं येऊन मागल्या दारीं वेगळ्या ठेवलेल्या भांड्याकडे न पाहतां झोंपीं जातो. महंत पडद्यावर असल्यामुळें त्याला घरांत महंत शोधावा लागत नाहीं. अस्पृश्यता दुष्टांनीं चालविली नाहीं. ती चांगल्या, प्रेमळ, देवभोळ्या माणसांनीं चालविली, व्रतें करणाऱ्या आयांनीं आणि शिकलेल्या वडिलांनीं चालविली. हें दाखविण्याचें धैर्य चित्रांत नाहीं. म्हणून त्यानें नाथांस महात्मा केलें तरी प्रेक्षकांस कांहींच केलें नाहीं.

आणि असें दाखविण्यासारखी सामग्री नाथचरित्रांत नव्हती काय? भरपूर होती, आणि ती कोणा महंताच्या मठांत नसून नाथांच्याच वाड्यांत होती. त्यांचा पुत्र हरिपंडित हा मोठा विद्वान. त्याला बापाचें प्राकृत पुराण सांगणें आवडत नाहीं, कोणाच्याही घरचें अन्न घेणें आवडत नाहीं. तो दुष्ट नाहीं. त्याला आपल्या कुळाची लाज राखावयाची आहे, आणि बापावर त्याचें प्रेमही आहे. तो रुसून काशीस जातो. नाथ त्याला परत आणतात तेव्हां तो दोन अटी घालतो: परान्न घ्यावयाचें नाहीं, आणि पुराण संस्कृतांतून सांगावयाचें. नाथ मान्य करतात. हा प्रसंग चित्रांतल्या साऱ्या बहिष्कारांहून भयंकर आहे. ज्या मनुष्यानें गांवास भीक घातली नाहीं तो पोटच्या पोरापुढें मान लववितो. आणि त्याला लववावयास लावणारी शक्ति मत्सर नव्हे, माया होय. आंबेडकरांनीं ज्या दोराकडे बोट दाखविलें तो समाजांत इतकीं शतकें कशानें टिकला हें या एका प्रसंगांत जितकें स्पष्ट होतें तितकें दहा महंत उभे करून होणार नाहीं. हरिपंडित ‘धर्मात्मा’तही आहे, पण जेथें महंतासारखा खलनायक हाताशीं आहे तेथें पोराकडे कोण लक्ष देणार?

पुढें परंपरा सांगते ती गोष्ट अशी. संस्कृत पुराण सुरू झालें आणि श्रोते हळूहळू येईनासे झाले. मग एक गरीब बाई आली. तिनें सहस्रभोजनाचा संकल्प केला होता आणि तिच्याजवळ कांहींच उरलें नव्हतें. एकट्या नाथांनीं जेवावें म्हणजे आपला संकल्प पुरा होईल असें ती म्हणाली. नाथांनीं स्वयंपाक हरिपंडिताकडूनच करविला आणि तिच्या हातचें वाढलेलें घेतलें. जेवण झाल्यावर हरिपंडित उष्टें पान उचलावयास वांकला तों खालीं दुसरें पान, तें उचललें तों तिसरें. असें उचलतां उचलतां हजार पानें झालीं. चमत्कार सोडून द्यावयाचा असेल तर खुशाल सोडावा. बापाचें उष्टें काढण्यासाठीं वांकलेला तो पंडित तेवढा ठेवावा.